विकास आराखड्यातील बदलावर हरकत कशी घ्यावी: नव्याने लक्ष घालणाऱ्या नागरिकांसाठी

वस्तीजवळच्या मोकळ्या जागेभोवती पत्रे ठोकले जातात, बांधकामाचा फलक लागतो आणि तेव्हा कुठे आजूबाजूच्या लोकांना कळते की त्या जागेवरचे मैदानाचे आरक्षण उठले असून ती रहिवास विभागात गेली आहे. मग धावपळ सुरू होते. नगरसेवकांना निवेदन दिले जाते, सह्यांची मोहीम निघते, वर्तमानपत्रात बातमी येते. या टप्प्यावर त्यातल्या कशाचाच फारसा उपयोग होत नाही, कारण निर्णयाची कायदेशीर प्रक्रिया पूर्ण झालेली असते आणि हरकतीची मुदत केव्हाच संपलेली असते. महाराष्ट्रातील शहरांत जमिनीच्या वापराबद्दल सामान्य नागरिकाचे म्हणणे नोंदवून घेणे यंत्रणेला भाग पडते ते जाहीर सूचना निघाल्यानंतरच्या साधारण एका महिन्यात, आणि तेही ते म्हणणे लेखी व नेमक्या जमिनीबद्दल असेल तरच. तो महिना ओळखावा कसा आणि वापरावा कसा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

या साऱ्या व्यवहाराचा पाया म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. कार्यालयांत आणि बोलण्यात त्याला एमआरटीपी कायदा म्हणतात. या कायद्याखाली प्रत्येक महापालिका व नगरपरिषद आपल्या हद्दीची विकास योजना तयार करते, जिला आपण सरसकट विकास आराखडा किंवा डीपी म्हणतो. आराखडा वीस वर्षांतून किमान एकदा सुधारावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात किती वेळ जातो हे पाहायचे तर मुंबईचे उदाहरण पुरेसे आहे: पहिला आराखडा १९६७ साली, दुसरा १९९१ ते १९९४ या काळात टप्प्याटप्प्याने आणि तिसरा २०१८ साली मंजूर झाला. म्हणजे एकदा संधी हुकली, तर पुढच्या आराखड्यापर्यंत एक पिढी जाते, आणि मधल्या काळात जे बदल होतात ते लहान लहान फेरबदलांच्या वाटेने होतात. त्यांची वाच्यता कमी होते, म्हणून त्यांच्यावर अधिक लक्ष ठेवावे लागते.

पहिली पायरी: नेमके काय बदलते आहे ते ठरवा

'झोन बदलला' हे वाक्य लोक चार-पाच वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, आणि प्रत्येक गोष्टीचे कार्यालय, कलम व उपाय निराळे असल्यामुळे इथे गोंधळ झाला तर पुढचे सगळे श्रम वाया जातात.

झोन म्हणजे वापर विभाग. रहिवास, वाणिज्य, औद्योगिक, सार्वजनिक व निमसार्वजनिक, शेती किंवा ना-विकास असे विभाग आराखड्यात आखलेले असतात. शेती विभागातील जमीन रहिवास विभागात घेणे हा खरा झोन बदल. आरक्षण ही दुसरी गोष्ट आहे. शाळा, उद्यान, क्रीडांगण, दवाखाना, भाजी मंडई, रस्ता अशा सार्वजनिक कारणासाठी एखादी विशिष्ट जागा राखून ठेवली जाते. ती बहुधा खासगी मालकीची असते आणि महापालिकेने ती पुढे ताब्यात घ्यायची असते. एखादी जमीन रहिवास विभागात असूनही तिच्यावर उद्यानाचे आरक्षण असू शकते. तिसरी गोष्ट म्हणजे विकास नियंत्रण नियमावली. कोणत्या विभागात किती उंच, किती चटईक्षेत्राचे (म्हणजे सर्व मजले मिळून किती बांधीव क्षेत्राचे) आणि कशासाठी बांधता येईल, हे ती ठरवते. बृहन्मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. चौथी गोष्ट म्हणजे एखाद्या इमारतीला दिलेली बांधकाम परवानगी आणि पाचवी महसूल खात्याची बिगरशेती परवानगी. शेवटच्या दोन्हींचा आराखड्यातील बदलाशी थेट संबंध नाही. तक्रार त्यांच्याबद्दल असेल, तर या लेखातली वाट तिथे नेणार नाही.

नियमावलीतला बदल सर्वांत कमी लोकांच्या लक्षात येतो, कारण त्यात नकाशावर काहीच हलत नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले ते पाहावे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे, गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना ढोबळमानाने एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक हिस्सा म्हाडाला घरांसाठी आणि एक हिस्सा मालकाला, अशी वाटणी अपेक्षित होती. २००१ साली त्या नियमात फेरबदल झाला. वाटणी सबंध जमिनीऐवजी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची होणार असे ठरले, म्हणजे जुन्या शेडखालची जमीन हिशेबातून निघाली आणि गिरण्यांचा बराचसा भाग बांधलेलाच असल्याने सार्वजनिक वाट्याला फारच थोडे उरले. सुमारे ६०० एकर जमिनीचे भवितव्य मोजक्या शब्दांनी बदलले. प्रकरण न्यायालयात गेले, मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल नागरिकांच्या बाजूने लागला. परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि फेरबदल कायम राहिला. गिरणगावात आज जे मॉल आणि मनोरे उभे आहेत, त्यांच्यामागे हा एका नियमाचा फेरबदल आहे. म्हणून जाहीर सूचनेत 'नियमावलीतील विनियम क्रमांक अमुकमध्ये फेरबदल' असे रूक्ष वाक्य दिसले, तर ते तज्ज्ञांचे काम समजून सोडून देऊ नये. जुना आणि नवा मजकूर शेजारी ठेवून कोणता शब्द गेला आणि कोणता आला, ते पाहावे.

दुसरी पायरी: जमिनीची ओळख आणि नकाशा

'देवळामागचे मैदान' ही ओळख कार्यालयात चालत नाही. गावठाणाबाहेरच्या जमिनीला सर्व्हे क्रमांक व हिस्सा क्रमांक किंवा गट क्रमांक असतो, नगर भूमापन झालेल्या भागात सिटी सर्व्हे क्रमांक असतो. सात-बारा उतारा आणि मिळकत पत्रिका शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावर पाहता येतात, आणि तेवढ्यावर मालकी व क्षेत्रफळ यांचा अंदाज येतो. क्रमांक हाती आला की महापालिकेच्या नगररचना विभागाकडे अर्ज करून त्या क्रमांकाचा झोन दाखला आणि भाग नकाशा मागावा. मुंबईत यालाच विकास योजना अभिप्राय किंवा डीपी रिमार्क म्हणतात. शुल्क भरून कोणालाही हे मिळते. जमीन आपल्या मालकीची असण्याची अट नाही.

भाग नकाशा पहिल्यांदा हाती घेणाऱ्याला त्यात रंगांचा गोंधळ दिसतो. सहसा पिवळा रंग रहिवासाचा, निळा वाणिज्याचा, जांभळा उद्योगाचा आणि हिरव्या छटा शेतीच्या व मोकळ्या जागांच्या असतात. तरी नकाशाच्या कोपऱ्यातील सूची हीच प्रमाण मानावी. आरक्षणे क्रमांकाने दाखवलेली असतात आणि त्या क्रमांकापुढे आरक्षणाचे नाव, क्षेत्र व ते विकसित करणारे प्राधिकरण यांचा तपशील आराखड्यासोबतच्या तक्त्यात असतो. नकाशा आणि तक्ता दोन्ही पाहावेत. नकाशात आकृती आहे आणि तक्त्यात क्षेत्र कमी लिहिले आहे, असे दिसले तर तो हरकतीचा पहिला मुद्दा झाला.

नवा प्रारूप आराखडा, म्हणजे मंजुरीआधीचा मसुदा, प्रसिद्ध झाला असेल, तर तीन नकाशे शेजारी ठेवून पाहावे लागतात: आधीचा मंजूर आराखडा, विद्यमान जमीन वापर नकाशा आणि नवा प्रस्तावित जमीन वापर नकाशा. विद्यमान जमीन वापर नकाशा हा आज जागेवर प्रत्यक्ष काय आहे, याच्या सर्वेक्षणातून तयार होतो. माझ्या मते नागरिकांनी सर्वाधिक वेळ याच नकाशावर घालवावा. नियोजनकारांना गल्लीबोळ ठाऊक नसतात, तुम्हाला असतात. चालू असलेली शाळा 'रिकामी जागा' म्हणून दाखवली गेली असेल, ओढा नकाशात नसेल, वापरात असलेले मैदान रहिवासी वापरात रंगवले असेल, तर पुढचा सगळा प्रस्ताव त्या चुकीवर उभा राहतो. मुंबईचा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रारूप आराखडा अशाच चुकांमुळे टीकेचा विषय झाला. वारसा वास्तू, प्रार्थनास्थळे आणि रस्ते यांच्या नोंदींतील चुका लोकांनी एकामागोमाग दाखवून दिल्या, एप्रिलमध्ये राज्य शासनाने त्याच्या दुरुस्तीचे आदेश दिले आणि सुधारित प्रारूप २०१६ साली पुन्हा हरकतींसाठी खुले झाले. घोषणांपेक्षा त्या नकाशावरील चुकांच्या नोंदींनी तिथे काम केले.

तिसरी पायरी: जाहीर सूचना शोधा आणि कलम वाचा

सूचना महाराष्ट्र शासन राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात येते. ती वर्तमानपत्रात आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी, बारीक अक्षरांत असते आणि सण किंवा सुट्ट्यांच्या आसपास आली तर कोणाच्याही नजरेस पडत नाही. वस्तीतल्या दोघा-तिघांनी मिळून हे काम वाटून घ्यावे: एकाने आठवड्यातून एकदा महापालिकेच्या संकेतस्थळावरील नगररचना विभागाचे पान पाहावे, दुसऱ्याने वर्तमानपत्रांतील जाहीर सूचना.

सूचना सापडली की आधी कलमाचा क्रमांक पाहावा, कारण त्यावरून आपण कोणत्या टप्प्यावर आहोत ते समजते. कलम २३ ची सूचना म्हणजे आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर झाला आहे. इथे नकाशा नसतो, पण आपल्या भागाला काय हवे आहे ते सुचवता येते, आणि या टप्प्यावर फारच थोडे लोक बोलतात. कलम २६ ची सूचना म्हणजे प्रारूप आराखडा तयार झाला असून हरकती व सूचनांसाठी ३० दिवसांची मुदत सुरू झाली आहे. कलम ३१ ची सूचना राज्य शासनाकडून, आराखडा मंजूर करण्याच्या टप्प्यावर येते; तिच्याबद्दल पुढे 'मंत्रालयाचा टप्पा' या भागात सांगितले आहे. कलम ३७ ची सूचना म्हणजे मंजूर आराखड्यात फेरबदल होऊ घातला आहे, आणि तिथे साधारण एक महिन्याची मुदत मिळते.

कलम ३७ जरा थांबून समजून घेण्यासारखे आहे, कारण दोन आराखड्यांच्या मधल्या काळात एकेक आरक्षण उठते किंवा एकेका सर्व्हे क्रमांकाचा झोन बदलतो तो याच कलमाखाली. आराखड्याचे मूळ स्वरूप बदलणार नाही एवढाच फेरबदल या कलमाने करता येतो. महापालिका स्वतःहून किंवा शासनाच्या निर्देशावरून सूचना काढते, हरकती मागवते, सुनावणी घेते आणि प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे पाठवते. तातडीचे जनहित आहे असे वाटल्यास पोटकलम १कक खाली शासन स्वतःच ही प्रक्रिया चालवू शकते; तशा सूचनेत हरकत कोणत्या कार्यालयात द्यायची ते निराळे असते, म्हणून पत्ता नीट वाचावा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कायदा फेरबदलाने बाधित होणाऱ्या व्यक्तींना स्वतंत्र नोटीस द्यायला सांगतो आणि व्यवहारात ती जमीनमालकांना जाते. शेजारच्या सोसायटीला कोणी घरपोच नोटीस देत नाही. हरकत घेण्याचा अधिकार मात्र कोणत्याही व्यक्तीला आहे. 'तुमची जमीन नाही, तुमचा काय संबंध' असे खिडकीवर कोणी म्हटले, तर सूचनेतील मजकूरच पुढे करावा.

सूचनेसोबतचे नकाशे आणि अहवाल मुदतीच्या काळात कार्यालयीन वेळेत पाहण्यासाठी उपलब्ध असतात. तेवढ्यावर न थांबता फेरबदलाच्या मूळ नस्तीची, म्हणजे फाइलची, पाहणी माहितीच्या अधिकारात मागावी. २००५ च्या या कायद्यात शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस आहे. म्हणजे सूचना निघाल्यावर अर्ज केला तर उत्तर बहुधा हरकतीची मुदत संपल्यावर येईल. तरी अर्ज करावाच, कारण ती कागदपत्रे सुनावणीला उपयोगी पडतात. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो. म्हणून प्रश्न विचारत बसण्यापेक्षा 'सदर फेरबदलाच्या नस्तीतील टिप्पणी, नगररचना विभागाचा अभिप्राय व सर्वसाधारण सभेचा ठराव यांच्या प्रती' एवढेच मागावे.

चौथी पायरी: हरकत लिहिणे

हरकतीचा अर्ज दोन पानांपेक्षा मोठा असू नये. तो वाचणाऱ्या अधिकाऱ्यापुढे कधी शेकडो, कधी हजारो अर्ज असतात, आणि प्रत्येक अर्जासमोर त्याला एका तक्त्यात तीन रकाने भरायचे असतात: हरकतीचा विषय, अर्जदाराची मागणी आणि त्यावरील शिफारस. आपला अर्ज असा लिहावा की मधला रकाना भरताना त्याला आपलेच वाक्य उतरवून घेता यावे. 'आमच्या भागावर अन्याय होत आहे' या वाक्यातून तो काय उतरवून घेणार? याउलट पुढील मजकूर पाहा:

'मौजे अमुक येथील सर्व्हे क्रमांक अमुक, हिस्सा क्रमांक अमुक या जमिनीवरील क्रीडांगणाचे आरक्षण वगळून ती रहिवास विभागात समाविष्ट करण्याच्या प्रस्तावास माझी हरकत आहे. ही जागा आज प्रत्यक्ष मैदान म्हणून वापरात असून सोबत दिनांकित छायाचित्रे जोडली आहेत. आराखड्यातील तक्त्याप्रमाणे या नियोजन विभागात क्रीडांगणाची दुसरी एकही जागा नाही. आरक्षण वगळल्यास त्याऐवजी कोणती जागा देण्यात येणार आहे, याचा उल्लेख सूचनेत नाही. सबब आरक्षण कायम ठेवावे. ते शक्य नसल्यास याच नियोजन विभागात तितक्याच क्षेत्राची, रस्त्यालगतची पर्यायी जागा आरक्षित केल्याशिवाय हा फेरबदल मंजूर करू नये. मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी.'

या मजकुरात पाच गोष्टी आहेत: जमीन, आजचा वापर व त्याचा पुरावा, आराखड्यातल्याच आकड्यावर आधारलेले कारण, स्पष्ट मागणी आणि पर्यायी मागणी. (यातला 'नियोजन विभाग' म्हणजे आराखड्यासाठी पाडलेला शहराचा एक भाग.) पर्यायी मागणी लिहिताना अनेकांना माघार घेतल्यासारखे वाटते. मला ती अत्यावश्यक वाटते. मुख्य मागणी फेटाळली जाण्याची शक्यता नेहमीच असते आणि त्या वेळी समितीपुढे दुसरे काही नसेल, तर आपल्या पदरी शून्य पडते. शेवटचे वाक्यही विसरू नये; ज्याने लेखी हरकत घेतली त्याचेच म्हणणे सुनावणीत ऐकले जाते.

मुद्दे आराखड्याच्याच भाषेत मांडावेत. रस्त्याची सध्याची रुंदी, पाण्याच्या व सांडपाण्याच्या वाहिन्यांची क्षमता, पूररेषा, टेकडीचा उतार, लोकसंख्येच्या मानाने मोकळ्या जागांचे प्रमाण हे नियोजनाचे मुद्दे झाले. नव्याने येणारे लोक कोणत्या थरातले असतील, आमच्या घरांची किंमत उतरेल का, हे मुद्दे नियोजनाचे नाहीत, आणि शेजारात स्वस्त घरे किंवा दवाखाना होऊ नये म्हणून त्यांचा आधार घेणे मला योग्यही वाटत नाही. आराखडा सबंध शहराचा असतो. आपल्याला मैदान हवे तसे इतरांना घर हवे असते, आणि ज्या हरकतीत ही जाणीव दिसते तिचे वजन वाढते.

छापील नमुन्यावर शेकडो सह्या घेण्याची पद्धत आहे. एकाच मजकुराच्या अर्जांवर सहसा एकच एकत्रित शिफारस लिहिली जाते. त्यापेक्षा वस्तीतल्या दहा जणांनी दहा वेगवेगळ्या मुद्द्यांवर, आपापल्या अनुभवातून लिहिलेले अर्ज अधिक परिणाम करतात. शाळेच्या मुख्याध्यापकांनी मैदानाबद्दल लिहावे, रिक्षाचालकाने रस्त्याबद्दल, तळमजल्यावर राहणाऱ्याने पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्याबद्दल.

अर्ज आवक-जावक कक्षात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, दिनांक आणि आवक क्रमांक घ्यावा. ही पोच म्हणजे पुढच्या सगळ्या वाटचालीतला आपला पहिला पुरावा. ई-मेलने हरकत स्वीकारली जाईल असे सूचनेत स्पष्ट लिहिले असेल तरच त्यावर विसंबावे, आणि शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.

पाचवी पायरी: सुनावणी

प्रारूप आराखड्यावरील हरकती कलम २८ प्रमाणे नियोजन समितीपुढे जातात. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगर नियोजन किंवा पर्यावरणाची जाण असलेले, शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार सदस्य असतात. कलम ३७ च्या फेरबदलात सुनावणीचे काम बहुधा एखाद्या अधिकाऱ्याकडे असते. पत्र येते, त्यात दिवस आणि वेळ असते, आणि प्रत्यक्षात वाट्याला काही मिनिटेच येतात. अर्ज पुन्हा वाचून दाखवण्यात ती घालवू नयेत. नकाशाची रंगीत प्रत टेबलावर ठेवून जमिनीवर बोट ठेवावे, तीन वाक्यांत मागणी सांगावी आणि माहितीच्या अधिकारात नंतर हाती आलेले कागद लेखी पुरवणी म्हणून देऊन त्याचीही पोच घ्यावी.

समितीच्या अहवालानंतर आराखड्यात केलेले बदल लोकांच्या माहितीसाठी प्रसिद्ध होतात. त्यावर पुन्हा हरकतींची फेरी नसते. तरीही ती यादी ओळीने वाचावी. ज्या जागेबद्दल कोणीही हरकत घेतलेली नव्हती, तिच्यात बदल झालेला दिसला, तर ते कारणांसह शासनाला लेखी कळवावे, कारण आराखडा आता मंजुरीसाठी तिकडेच जाणार असतो.

सभागृहात काय पाहावे

फेरबदलाचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे येतो. त्याआधी तो शहर सुधारणा समितीत किंवा मुंबईत सुधार समितीत चर्चेला येतो. सभेची कार्यपत्रिका नगर सचिव कार्यालयातून मिळते. नागरिकाला प्रेक्षक सज्जात बसता येते, बोलता येत नाही. त्यामुळे बोलायचे ते आधी, प्रभागातील नगरसेवकांशी आणि समितीच्या सदस्यांशी, हरकतीच्या पोचेची प्रत हातात देऊन. प्रभागात एकापेक्षा अधिक नगरसेवक असतील, तर सर्वांना भेटावे. एकाच पक्षाच्या दारात गेल्याने विषय विनाकारण पक्षीय होतो.

कार्यपत्रिकेबाहेर दोन गोष्टी घडतात आणि नवख्या माणसाच्या त्या ध्यानात येत नाहीत. पहिली म्हणजे ऐनवेळचे विषय, जे छापील कार्यपत्रिकेत नसतानाही सभेत दाखल करून घेतले जातात. दुसरी म्हणजे उपसूचना. मूळ प्रस्ताव एका रस्त्याबद्दलचा असतो, त्याला लेखी उपसूचना जोडली जाते आणि 'उपसूचनेसह मंजूर' एवढ्या शब्दांत दुसऱ्याच एखाद्या सर्व्हे क्रमांकाचा विषय पुढे सरकतो. म्हणून सभा झाली की ठराव क्रमांकासह इतिवृत्ताची आणि उपसूचनांची प्रत मागावी. ठराव बेकायदेशीर किंवा जनहिताविरुद्ध वाटला, तर महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली तो निलंबित किंवा विखंडित (म्हणजे रद्द) करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे, आणि त्यासाठी नगरविकास विभागाकडे कारणांसह अर्ज करता येतो. मुंबई महापालिकेचा कायदा वेगळा आहे, त्यामुळे हे कलम तिथे सांगू नये. निवडून आलेले सभागृह नसते आणि कारभार प्रशासकांकडे असतो, त्या काळात सर्वसाधारण सभेचे अधिकारही त्यांच्याकडेच असतात. अशा वेळी सभागृहातली चर्चा नसते, म्हणून जाहीर सूचना आणि हरकत यांवरच सगळी भिस्त राहते.

मंत्रालयाचा टप्पा

पुष्कळ लोक महापालिकेचा ठराव झाला की प्रकरण संपले असे धरून चालतात. अंतिम अधिकार राज्य शासनाचा आहे. आराखडा मंजूर करताना शासन त्यात बदल करू शकते, आणि ते बदल मोठ्या स्वरूपाचे असतील तर तेवढा भाग वगळून त्यावर नव्याने हरकती मागवाव्या लागतात. बोलीत याला ईपी म्हणतात, म्हणजे वगळलेला भाग. मुंबईचा सध्याचा आराखडा ८ मे २०१८ रोजी मंजूर झाला आणि १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, पण त्यातील वगळलेल्या भागांवर स्वतंत्रपणे हरकती मागवून त्यांची मंजुरी नंतर टप्प्याटप्प्याने आली. आपल्या भागातील जागा अशा यादीत आहे का, हे मंजुरीच्या अधिसूचनेला जोडलेल्या परिशिष्टात पाहावे लागते. हरकत महापालिकेत आधी घेतली होती म्हणून ती इथे आपोआप धरली जाईल असे समजू नये. नवी सूचना, नवी मुदत, नवा अर्ज.

पुण्यातील टेकड्यांचा प्रश्न इथे आठवतो. १९९७ साली महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या आराखड्यात डोंगरउतारावरील सुमारे ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी राखण्याचा प्रस्ताव होता, आणि त्यावरील शासनाचा निर्णय २०१५ साली झाला. एवढ्या वर्षांच्या काळात तो प्रस्ताव टिकून राहिला त्यामागे नागरिकांचा लेखी, सातत्याचा पाठपुरावा होता.

आरक्षण वाचले, पण पुढे?

हरकत मान्य झाली, मैदानाचे आरक्षण कायम राहिले, आणि लोक निश्चिंत झाले. खरा धोका बहुधा यानंतर येतो, आणि इथे तो सविस्तर सांगण्याचे कारण म्हणजे याबद्दल वस्तीपातळीवर जवळजवळ कोणीच लक्ष ठेवत नाही. कलम १२७ प्रमाणे, अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन महापालिकेने घेतली नाही, तर मालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची पावलेही उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत झाले, म्हणजे आपोआप संपले, असे मानले जाते. ही तरतूद अन्यायाची नाही. कोणाची जमीन पैसे न देता पिढ्यान्‌पिढ्या अडकवून ठेवणे योग्य नव्हे. मात्र त्यामुळे सूचना, हरकत, सुनावणी यांपैकी काहीही न होता मैदान हातचे जाते. नोटीस नगररचना विभागाच्या टेबलावर पडून राहते आणि दोन वर्षे सरतात.

यावर उपाय नागरिकांच्या हातात आहे. आराखडा लागू झाल्याची तारीख लिहून ठेवावी आणि त्यात दहा वर्षे मिळवावीत. त्या सुमारास दर सहा महिन्यांनी, आपल्या प्रभागातील आरक्षणांसाठी कलम १२७ खाली आलेल्या नोटिसांची यादी माहितीच्या अधिकारात मागावी. नोटीस आलेली असेल, तर २४ महिने कधी संपतात ते काढून आयुक्तांना लेखी कळवावे आणि संपादनासाठी तरतूद करण्याची मागणी अंदाजपत्रक तयार होण्याच्या आधी नगरसेवकांमार्फत व थेटही करावी. पैसा नाही हे उत्तर येईल. कलम १२६ प्रमाणे मालकाच्या संमतीने रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर (दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), किंवा वाढीव चटईक्षेत्र देऊनही जमीन घेता येते. मालकाशी तशी बोलणी सुरू झाली का, एवढाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा.

न्यायालयात जायचे असेल तर

एमआरटीपी कायद्याच्या कलम १४९ मुळे या आदेशांविरुद्ध दिवाणी न्यायालयाची वाट बहुतांशी बंद आहे. जायचे ते उच्च न्यायालयात, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली. परिसरातील रहिवाशांना असा अर्ज करण्याचा हक्क आहे का, हा प्रश्न बेंगळुरूच्या एका उद्यानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. उद्यानासाठी राखलेली जागा एका न्यासाला खासगी शुश्रूषागृहासाठी देण्यात आली, रहिवासी न्यायालयात गेले, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य करून ते वाटप रद्द ठरवणारा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला.

न्यायालय नियोजनाचा शहाणपणा सहसा तपासत नाही, प्रक्रिया तपासते. सूचना रीतसर निघाली होती का, सुनावणी झाली का, हरकतीचा विचार झाला का, फेरबदलाने आराखड्याचे स्वरूप बदलते का, हे तिथले प्रश्न. म्हणून वकिलांकडे पहिल्यांदा जाताना राजपत्रातील सूचनेची प्रत, झोन दाखला व जुना-नवा भाग नकाशा, आवक क्रमांकासह हरकत, सुनावणीचे पत्र, सभेचा ठराव आणि शासनाची अधिसूचना तारखेच्या क्रमाने लावून न्यावीत. मंजुरीची अधिसूचना निघाली की विलंब न करता जावे. जागेवर बांधकाम उभे राहून तिसऱ्या व्यक्तींनी घरे घेतल्यानंतर न्यायालयालाही फारसे काही करता येत नाही.